सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे दोन वर्षं सोबत: स्तनपान कुठे सुटतं आणि कसं टिकवायचं

जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्या. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण झाले की पूरक आहार सुरू करा आणि सोबत दोन वर्षांपर्यंत, दोघांना हवं असेल तर त्यापुढेही, पाजत राहा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची शिफारस एवढीच आहे आणि ती बहुतेक आयांना माहीत असते. तरीही २०२३ च्या जागतिक आकडेवारीत सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी सुमारे ४८ टक्केच फक्त आईच्या दुधावर होती. पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं निम्म्याहून कमी. वर्षाच्या सुमारास जवळपास ७० टक्के मुलं आईचं दूध पीत होती, दोन वर्षांच्या सुमारास ४५ टक्के.

हे आकडे वाचून "आयाच कमी पडतात" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ठरवून स्तनपान बंद करणाऱ्या आया थोड्या. बहुतेकींचं ते ठरावीक ठिकाणी सुटतं. पहिल्याच दिवशी कुणीतरी बाळाला वरचं दूध पाजतं, चौथ्या दिवशी स्तनाग्रांना चिरा पडतात, दीड महिन्याने दूध पुरत नाही असं वाटू लागतं, मग रजा संपते. या प्रत्येक वळणावर नेमकं काय करायचं हे आधीच माहीत असेल तर पुष्कळ काही वाचतं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आकडे आणि मुदत: त्यामागे काय आहे

"फक्त आईचं दूध" याची टक्केवारी काढताना सहा महिन्यांखालच्या बाळांच्या आयांना गेल्या २४ तासांत बाळाला काय काय दिलं ते विचारतात. त्यात दहा दिवसांचं बाळही असतं आणि साडेपाच महिन्यांचंही. आज फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाला पुढच्या महिन्यात पाणी किंवा पावडरचं दूध सुरू होऊ शकतं. म्हणजे ४८ टक्के बाळं पूर्ण सहा महिने निव्वळ स्तनपानावर राहिली, असा या आकड्याचा अर्थ नाही. तेवढा पल्ला गाठणारी बाळं याहून कमीच असतात. जागतिक आरोग्य सभेने (जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने) २०१२ मध्ये, २०२५ पर्यंत ५० टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, ते याच मोजमापावर.

सहा महिन्यांची मुदत पहिल्यापासून नव्हती. आधी "चार ते सहा महिने" असं सांगितलं जाई. अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सहा महिने ही मुदत स्वीकारली. त्यामुळे घरातली ज्येष्ठ मंडळी चौथ्या महिन्यात काहीतरी भरवा म्हणाली, तर ती त्यांच्या काळचा सल्लाच सांगत असतात. वाद घालण्यापेक्षा सल्ला बदलला आहे एवढं सांगितलं तर पटतं. वरची मुदतही अशीच वाढत गेली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस आधी एक वर्ष किंवा त्याहून अधिक अशी होती, २०२२ मध्ये तिनेही दोन वर्षं किंवा त्यापुढे स्तनपान करणाऱ्या आयांना पाठिंबा जाहीर केला.

इतका आग्रह का? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१६ च्या लेखमालेत असा अंदाज मांडला होता की शिफारशींप्रमाणे स्तनपान जवळपास सर्वत्र झालं तर पाच वर्षांखालच्या मुलांचे वर्षाला सुमारे ८ लाख २३ हजार मृत्यू टळतील आणि आयांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे सुमारे २० हजार मृत्यूही. बाळाचं जुलाब आणि न्यूमोनियापासून होणारं संरक्षण हा यातला सर्वात मोठा भाग.

पायरी १: बाळंतपणाआधीच रुग्णालयात विचारून ठेवा

प्रसूतीनंतर प्रश्न विचारायचं त्राण नसतं, तेव्हा ते आधी विचारा. जन्मल्याबरोबर बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवतात का? सिझेरियन झालं तरी ठेवतात का? बाळ आईच्याच खोलीत राहतं ना? वरचं दूध द्यायची वेळ आली तर आधी आम्हाला विचाराल का? बाळाला नीट धरायला शिकवणारं कुणी आहे का? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ मध्ये बालस्नेही रुग्णालय उपक्रम सुरू केला. त्याच्या दहा पायऱ्या (२०१८ मध्ये त्या सुधारल्या गेल्या) साधारण याच गोष्टी मागतात. उत्तरं मोघम आली तर तुमच्या सोबत राहणाऱ्या माणसाला हे प्रश्न लिहून द्या. प्रसूतीच्या दिवशी तुमच्या वतीने बोलायचं काम त्याचं.

पायरी २: पहिला तास आणि पहिले चार दिवस

बाळ कोरडं करून छातीवर पालथं ठेवलं, वरून पांघरूण घातलं की बहुतेक बाळं तासाभरात स्वतःच स्तन शोधू लागतात. वजन, आंघोळ, फोटो या गोष्टी थांबू शकतात. सिझेरियननंतर आई शुद्धीवर असेल तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरही हे जमतं. पुढे टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला बगलेखालून धरून, त्याचे पाय मागच्या बाजूला घेऊन पाजायचं.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. हे थोडेपण पाहूनच घरात घबराट होते आणि पावडरचा डबा येतो. पण नवजात बाळाची भूक तेवढीच असते. चीक संरक्षक घटकांनी भरलेला असतो आणि त्यामुळे बाळाची पहिली काळी शीही लवकर बाहेर पडते. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं. पहिलटकरणींना किंवा सिझेरियननंतर थोडा उशीर लागू शकतो. तोवर २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजत राहायचं आणि फार झोपाळू बाळाला उठवून पाजायचं. साखरपाणी, मध, साधं पाणी यातलं काहीही नको. मध तर वर्षभर देऊच नये, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

बाळ कमी दिवसांचं असेल किंवा काचेच्या पेटीत ठेवलं असेल, तर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला सुरुवात करा आणि २४ तासांत निदान आठ वेळा काढा. लहानशा वाटीत किंवा सिरिंजमध्ये जमलेले थेंबसुद्धा त्या बाळासाठी मोलाचे असतात. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीवर बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत दूध वाढायलाही मदत करते.

पायरी ३: बाळाने स्तन नीट धरणं

सगळ्या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. चिरा, गाठी, कमी वाढणारं वजन, तासभर चालणारं पाजणं, यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं.

पाठीला आधार घेऊन आरामात बसा. बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी आणि पोट तुमच्या पोटाला लागलेलं हवं. नुसती मान वळवून बाळाला गिळता येत नाही. त्याचं नाक तुमच्या स्तनाग्रासमोर आणा. स्तनाग्र वरच्या ओठावर हलकेच टेकवा आणि थांबा. हे थांबणं अवघड जातं, कारण बाळ रडत असतं. पण अर्धवट उघडलेल्या तोंडात स्तनाग्र सरकवलं तर बाळ फक्त टोक चावतं. जांभईएवढा मोठा आ केला की लगेच बाळाला पाठीकडून जवळ ओढा, आधी हनुवटी टेकेल असं. वाकून स्तन बाळाकडे न्यायचा नाही, बाळाला स्तनाकडे आणायचं. डोक्यामागून ढकलू नका, बाळ उलट मागे रेटतं.

आता वरून बघा. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्या ओठावर जास्त दिसतो, खालच्या ओठाखाली जवळपास दिसत नाही. सुरुवातीला भरभर चोखणं, मग संथ लय आणि मधूनमधून गिळल्याचा हलका आवाज. ओढ जाणवते पण दुखत नाही. पहिले काही क्षण टोचल्यासारखं झालं तर चालेल, पुढेही दुखत राहिलं तर स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. पाजून झाल्यावर स्तनाग्र चपटं किंवा तिरकं दिसलं तर पकड उथळ होती असं समजा.

चिरा पडल्या असतील तरी उपाय हाच. मलम आराम देतं, पण पकड सुधारेपर्यंत चीर भरत नाही. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर स्तनपान सल्लागार किंवा डॉक्टर यांना बाळ पिताना प्रत्यक्ष बघायला सांगा. फोनवरून यातलं काही कळत नाही. बाळाची जीभ खाली बांधलेली आहे का, हेही त्याच वेळी तपासून घ्या.

पायरी ४: "दूध पुरत नाही" असं वाटतं तेव्हा

लवकर थांबलेल्या स्तनपानामागे जगभर आया हे कारण वारंवार सांगतात. बहुतेक वेळा दूध पुरत असतं, चिन्हं मात्र चुकीची वाचली जातात. साधारण सहा आठवड्यांनी स्तन मऊ पडतात, तेव्हा दूध आटलेलं नसतं, मागणीशी जुळलेलं असतं. संध्याकाळी बाळ दर अर्ध्या तासाने मागतं, हे पहिल्या महिन्यांत नेहमीचं आहे. पंपाने थोडंच निघालं तरी बाळ त्याहून जास्त ओढतं. आणि अंगावरून सुटल्यावर बाटलीभर दूध प्यायलं याचा अर्थ बाळ उपाशी होतं असा होत नाही, लहान बाळ तोंडात आलेलं चोखत राहतं.

भरवसा दोनच गोष्टींवर ठेवा: लंगोट आणि वजनकाटा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची शू आणि पहिल्या महिन्यात दिवसाला तीन-चार वेळा पिवळी पातळ शी. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, ७ टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं, १० टक्क्यांच्या वर गेलं तर ताबडतोब तपासणी. १० ते १४ दिवसांत ते पुन्हा जन्माच्या वजनावर यायला हवं आणि पुढचे तीन महिने आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढायला हवं. दीड महिन्यानंतर बऱ्याच बाळांची शी अनेक दिवस होत नाही. वजन वाढत असेल आणि शी मऊ असेल तर काळजी नको.

दुधाचं गणित सोपं आहे. जेवढं निघतं तेवढं बनतं, स्तन भरलेला राहिला की बनणं मंदावतं. म्हणून एका वेळचं वरचं दूध म्हणजे एका वेळचं चोखणं कमी, आणि काही दिवसांनी दूध खरोखर कमी. दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी रात्री जास्त असते, तेव्हा सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचं पाजणं सोडू नका. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरक लागतं. वेदना, ताण, अपुरी झोप यांनी तो अडखळतो. बाळंतिणीला विश्रांती द्या असं सगळेच म्हणतात, पण घरातल्यांनी स्वयंपाक, कपडे आणि ढेकर काढणं आपल्याकडे घेतलं तरच ती विश्रांती होते.

आणखी एक गोष्ट आयांना सहसा कुणी सांगत नाही. पहिल्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत बाळाची दुधाची गरज जवळपास सारखीच राहते, दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर. बाळ दुप्पट झालं म्हणून दूध दुप्पट लागत नाही.

वजन खरोखर कमी वाढत असेल तर आधी पकड तपासा, दोन्ही बाजू द्या, चोखणं मंदावलं की स्तन हाताने हलकेच दाबून धार चालू ठेवा, दिवसातून दोन-तीन वेळा जास्त पाजा, पाजल्यावर दूध काढून ते चमच्याने किंवा वाटीने द्या. दरम्यान डॉक्टरांना दाखवाच. थायरॉइडचा त्रास, प्रसूतीच्या वेळचा मोठा रक्तस्राव, आत राहिलेला वारेचा तुकडा, पूर्वीची स्तनाची शस्त्रक्रिया अशा कारणांनी काही आयांचं दूध खरंच अपुरं असतं. तिथे वरचं दूध लागलं तर त्यात दोष कुणाचाच नाही, आणि अंगावर जेवढं आहे तेवढं पाजत राहिलं तरी बाळाला त्याचा लाभ मिळतो.

बाळ उठवूनही उठत नसेल, पाचव्या दिवशीही शी काळी असेल, शू गडद किंवा विटकरी असेल, कावीळ पायांपर्यंत उतरली असेल, तर घरगुती उपाय थांबवून रुग्णालय गाठा.

पायरी ५: गाठ, ताप, दुखरा स्तन

दूध साचून स्तन दगडासारखा झाला तर बाळाला धरता येत नाही. आधी थोडं हाताने काढून स्तनाग्राभोवतीचा भाग मऊ करा, मग लावा. नंतर गार कापड ठेवा. लाल, दुखरा पट्टा आणि ताप असेल तर पाजणं बंद करू नका, ते दूध बाळाला चालतं. जोरजोराने चोळून गाठ फोडायचा सल्ला आता दिला जात नाही, त्याने सूज वाढते. गरजेपेक्षा जास्त दूध काढत बसणंही टाळा. २४ तासांत उतार पडला नाही, किंवा ताप जास्त असेल तर डॉक्टरांकडे जा. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी प्रतिजैविकं आहेत.

पायरी ६: कामावर परतताना

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० च्या प्रसूती संरक्षण करारात किमान १४ आठवड्यांची रजा आहे. निव्वळ स्तनपान मात्र २६ आठवड्यांचं सांगितलं जातं. मधले १२ आठवडे आईने कसे काढायचे? त्याच करारात पाजण्यासाठी पगारी विश्रांतीची तरतूद आहे. तुमच्याकडे कायद्याने काय मिळतं ते रजा सुरू होण्याआधी लेखी विचारून घ्या.

रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी दूध काढायचा सराव करा. पंप नसेल तरी हाताने छान निघतं. हात धुवा. अंगठा वर, दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवर घासायची नाहीत. पहिली दोन मिनिटं काहीच येत नाही, मग थेंब, मग धारा. धार मंदावली की बोटं थोडी फिरवून दुसऱ्या जागी. पहाटे दूध जास्त निघतं.

२५ अंशांपर्यंतच्या खोलीत ताजं दूध चार तास टिकतं, त्याहून उकाडा असेल तर लवकर वापरा. फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. डब्यावर तारीख टाका. गोठलेलं दूध वितळल्यावर पुन्हा गोठवू नका. कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको. बाळाने उष्टं केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवा. कामावर असताना साधारण दर तीन तासांनी दूध काढा, आणि घरी आलं की अंगावरच पाजा.

पायरी ७: सहा महिने पूर्ण झाल्यावर

जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि नुसत्या दुधातून ऊर्जाही पुरेनाशी होते, म्हणून अन्न सुरू करायचं. "पूरक" हा शब्द शब्दशः घ्या. ६ ते १२ महिन्यांत निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा आईच्या दुधातून मिळू शकते, १२ ते २४ महिन्यांत साधारण एक तृतीयांश. ६ ते ८ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, ९ ते ११ महिन्यांत तीन-चार वेळा भरवा, अन्न मऊ पण चमच्यावर टिकेल इतकं दाट असू द्या, आणि लोह मिळेल असे पदार्थ पहिल्या दिवसांपासूनच ठेवा. वर्षापर्यंत आधी दूध, मग जेवण हा क्रम सोयीचा पडतो.

गर्भनिरोधनासाठी स्तनपानावर अवलंबून असाल तर इथे सावध व्हा. पाळी आलेली नसणं, दिवस-रात्र फक्त अंगावर पाजणं आणि बाळ सहा महिन्यांखालचं असणं, या तिन्ही अटी एकत्र पाळल्या तरच ते सुमारे ९८ टक्के परिणामकारक ठरतं. एक अट गळाली की दुसरं साधन लगेच सुरू करा.

स्तनपान नको किंवा डॉक्टरांना विचारूनच, अशी कारणं

ही यादी लोक समजतात त्यापेक्षा लहान आहे. बाळाला गॅलॅक्टोसीमिया (दुधातली साखर शरीराला वापरता न येणारा जन्मजात आजार) असेल तर नाही. आईची केमोथेरपी चालू असेल तर नाही. स्तनावर नागिणीसारखे हर्पीसचे फोड असतील तर त्या बाजूने नाही. एचआयव्ही असलेल्या आईने औषधं नियमित घेतली तर ती किमान १२ महिने आणि २४ महिने किंवा त्यापुढेही पाजू शकते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काही देशांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोला. सर्दी, ताप, जुलाब यांत पाजणं थांबवायचं नाही. बहुतेक औषधं चालतात, म्हणून "औषध सुरू आहे, दूध बंद करा" असं ऐकलं तर चालणारं दुसरं औषध आहे का, हे नक्की विचारा.

पावडरचं दूध द्यावंच लागलं तर डब्यावरचं प्रमाण तंतोतंत पाळा. पावडर निर्जंतुक नसते, त्यामुळे उकळून किमान ७० अंश इतक्या गरम असलेल्या पाण्यात मिसळा आणि मग निववून द्या. डब्याची किंवा बाटलीची जाहिरात हा मात्र सल्ला नव्हे. अशा जाहिरातींना आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ पासून आहे, ती मोडली जाते हेही खरं.

शेवटची पायरी: दूध तोडताना

वर्ष झाल्यावर "आता त्यात काही सत्त्व नाही" असं ऐकायला मिळेल. ते खरं नाही. दुसऱ्या वर्षातही त्या दुधात ऊर्जा, जीवनसत्त्वं आणि संरक्षक घटक असतात, आणि आजारी मूल अन्न नाकारतं तेव्हा बऱ्याचदा तेवढंच पोटात जातं. पण थांबायचं कधी हे आई आणि मूल ठरवतील. दीड वर्षाने थांबलेल्या आईला जाब विचारायचा हक्क कुणालाच नाही, आणि तीन वर्षं पाजणाऱ्या आईलाही नाही.

थांबायचं ठरलं की एकदम तोडू नका. मुलाला सर्वात कमी हवं असलेलं, बहुधा दुपारचं, पाजणं आधी बंद करा. त्या वेळी जेवण, खेळ किंवा बाहेर फेरी. काही दिवस जाऊ द्या, स्तन जड वाटेनासे झाले की पुढची वेळ कमी करा. झोपतानाचं सर्वात शेवटी, आणि त्या वेळी शक्यतो दुसऱ्या कुणी झोपवावं. स्तन दुखले तर आराम पडण्यापुरतंच दूध काढा. मूल आजारी असेल, घर बदलत असेल किंवा नुकतंच पाळणाघरात जाऊ लागलं असेल, तर दोन-तीन आठवडे थांबून मग सुरुवात करा.